खाजणातली भाषा, मागावरची भाषा

शके ९१९, म्हणजे इसवी सन ९९७. उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपराजित याने भादान नावाचं एक गाव दान दिलं. दान घेणारा देव होता लोणादित्य आणि त्याचं देऊळ होतं लवणेतट इथे. या दानाचा ताम्रपट पुढे भिवंडीच्या उत्तरेला भेरे गावात सापडला. त्याची भाषा संस्कृत आहे आणि राजाची बिरुदं लांबलचक आहेत. पण भिवंडी तालुक्यातल्या कुणालाही त्यातली दोन नावं सांगितली, तर तो लगेच वाट दाखवेल. भादाणे तिथेच आहे आणि लोनाडही तिथेच आहे, आपल्या लेण्यासह आणि जुन्या शिवमंदिराच्या अवशेषांसह. शिलाहार गेले, यादव गेले, सुलतान, पोर्तुगीज, पेशवे, इंग्रज आले आणि गेले. गावांची नावं मात्र शेतात राबणाऱ्यांच्या तोंडी जेमतेम एखादं अक्षर बदलून टिकली.

लवणेतट, लोणादित्य, लोनाड या तिन्ही नावांत मीठ आहे. ते असणारच. भिवंडी कामवारी नदीच्या काठी वसलेली आहे, आणि वसईच्या खाडीतून उल्हासच्या पात्रात चढणारं भरतीचं पाणी या परिसरातल्या सखल जमिनीत शिरतं. या खाऱ्या पाण्याशी इथल्या माणसाने पिढ्यान् पिढ्या दोन प्रकारे व्यवहार केला. जिथे जमलं तिथे मातीचे बांध घालून त्याने पाणी अडवलं आणि आतल्या खाजणात भात लावला. जिथे भात येणं शक्य नव्हतं तिथे पाणी मुद्दाम आत घेऊन उन्हात आटवलं आणि मीठ पिकवलं. मिठाची आगरं राखणारे ते आगरी, असं या समाजाच्या नावाबद्दल मानलं जातं. भाषेवर भूगोलाचा परिणाम कसा होतो हे समजून घ्यायला हिमालय किंवा ॲमेझॉनचं जंगल गाठायची गरज नाही. ठाण्याहून जेमतेम पंधरा किलोमीटरवरचं हे शहर आणि त्याच्या भोवतालची गावं पुरेशी आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या देखरेखीखाली भारतातल्या भाषांची पहिली मोठी पाहणी सुरू झाली. तिचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात कोकणातल्या बोलींची यादी आहे: कोळी, आगरी, कुणबी, भंडारी, परभी, ठाकरी, कातकरी, बाणकोटी, संगमेश्वरी. वाचताना वाटतं, जितक्या जाती तितक्या भाषा. पण पाहणी करणाऱ्यांचा निष्कर्ष वेगळा होता. दमणपासून राजापूरपर्यंतच्या किनाऱ्यावर यांतल्या बहुतेक बोलींचा सांगाडा बराचसा एकच आहे, असं त्यांना आढळलं. नावं बहुतेक समाजांची होती, आवाज मात्र त्या पट्ट्याचा होता. या पट्ट्यात एका गावातून दुसऱ्या गावी जाण्याचा सोपा रस्ता पाण्याचा होता. होडीने बाजार, होडीने लग्नाचं वऱ्हाड, होडीनेच जत्रा. खाड्यांनी जमीन तोडली आणि माणसं जोडली.

या किनारी बोलण्याची एक खूण सर्वांच्या ओळखीची आहे. घोड्याचा ‘घोरा’ होतो, गाडीची ‘गारी’, कोंबडीची ‘कोंबरी’, होडीची ‘होरी’. पाण्याचं ‘पानी’, डोळ्याचा ‘डोला’, विसाचे ‘ईस’. शहरातल्या शाळेत आगरी मुलाने ‘गारी’ म्हटलं की वर्ग हसतो, आणि कधी कधी शिक्षकही हसतात. ते हसणं अज्ञानाचं आहे, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. ‘डोळा’ आणि ‘घोडा’ हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहावेत. आगरीत डोळ्याचा ‘डोला’ होतो, ‘रोला’ कधीच होत नाही. शब्दाच्या सुरुवातीचा ड जसाच्या तसा राहतो आणि दोन स्वरांच्या मध्ये आलेला ड तेवढा र होतो. हिंदीने ‘डर’ आणि ‘घोड़ा’ यांतले ड वेगळे केले ते याच जागांवर. म्हणजे ही जिभेची चूक नाही, हा नियम आहे. आगरी आजी तो व्याकरणाच्या पुस्तकाशिवाय काटेकोर पाळते.

नियमांपेक्षाही मोठा साठा शब्दांचा आहे. पुस्तकी मराठीत समुद्राचं पाणी भरतीला चढतं, ओहोटीला उतरतं, आणि तिथेच विषय संपतो. खाडीत जाळं टाकणाऱ्या माणसाचं एवढ्यावर भागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत उंच चढतं, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी होतो, तो भांग. आज उधाण आहे की भांग, यावर जाळं कुठे लावायचं, होडी कधी काढायची आणि बांधावर रात्री जागता पहारा ठेवायचा की नाही, हे ठरतं. खाजणाच्या बांधाला पाणी सोडण्यासाठी ठेवलेलं दार म्हणजे उघाडी. पेरणीआधी गवत-पालापाचोळा पसरून जाळायचा, तो राब. भाताखेरीज नाचणी-वरीच्या कामाची उताराची जमीन ती वरकस. यांतला एकेक शब्द म्हणजे कुणीतरी पाण्यात पाय ठेवून मिळवलेलं ज्ञान आहे.

घाट चढून देशावर गेलं की हे शब्द थांबतात आणि दुसरे सुरू होतात. तिथे पाणी अडवण्याची नव्हे, ओल धरून ठेवण्याची चिंता असते. पाऊस पडून गेल्यावर काळी जमीन चिखलही नाही आणि कोरडीही नाही अशा नेमक्या अवस्थेत येते, त्याला शेतकरी वाफसा म्हणतो. वाफशावर पाभर चालते. त्याआधी चालवली तर माती तुडवली जाते, नंतर चालवली तर बी वाया जातं. सोलापूर-नगरकडच्या शेतकऱ्याच्या तोंडी हा शब्द पावसाळाभर असतो. भरतीच्या पाण्यातून शेत सोडवून घेणाऱ्या खाजणातल्या माणसाला तो लागत नाही.

इथे थोडं सावध व्हायला हवं, कारण या विषयात अतिशयोक्ती फार झाली आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट लोकांकडे बर्फासाठी शेकडो शब्द आहेत, ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. १९११ मध्ये फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञाने बर्फासाठीचे चार वेगवेगळे शब्द उदाहरण म्हणून दिले होते. पुढच्या लेखकांनी एकमेकांचं वाचून ते चाराचे शेकड्यांवर नेले. पुढे असेही सिद्धांत आले की उंच पर्वतांत विशिष्ट व्यंजनं जास्त सापडतात, किंवा दमट हवेत सूरभेदाने अर्थ बदलणाऱ्या भाषा वाढतात. त्यावर अभ्यासकांचे वाद चालू आहेत, आणि हवेवरून थेट उच्चारावर उडी मारताना सावध राहिलेलं बरं.

भूगोल भाषेत आपोआप उतरत नाही. भिवंडी शहरातल्या लाखो लोकांच्या घराजवळून तीच खाडी वाहते, पण भांग हा शब्द त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. तो जाळं टाकणाऱ्याचा शब्द आहे. जमीन, पाणी आणि हवा माणसाच्या कामातून, जेवणातून आणि सोयरिकीतून भाषेत शिरतात. काम बदललं की त्याच जमिनीवर दुसरी भाषा उभी राहते. भिवंडीचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास याचा लख्ख पुरावा आहे.

त्याआधी डोंगरांबद्दल थोडं. डोंगर भाषा तोडतो, असं सर्वसाधारण मत आहे, आणि त्याला आधारही आहे. कॉकेशसच्या पर्वतराजीला अरब भूगोलकारांनी भाषांचा पर्वत म्हटलं होतं. पापुआ न्यू गिनी हा देश आकाराने महाराष्ट्राच्या दीडपटच, पण तिथे आठशेहून अधिक भाषा बोलल्या जातात. डॅनिएल नेटल या अभ्यासकाने १९९० च्या दशकात याचं एक कारण सुचवलं. जिथे वर्षभर पाऊस आणि अन्न असतं, तिथे लहानसा समूहही स्वतःच्या बळावर जगू शकतो. त्याला शेजाऱ्याची फारशी गरज पडत नाही, म्हणून त्याची भाषा वेगळी राहते. जिथे पावसाचा भरवसा नाही, तिथे अडीनडीला दूरवरची ओळख लागते आणि भाषा मोठ्या प्रदेशावर पसरते. हा तर्क दख्खनला लावून पाहण्याजोगा आहे. सह्याद्रीच्या पलीकडचा दुष्काळी पट्टा प्रचंड मोठा आहे, तरी त्यावर एकच भाषा पसरली. तिथला धनगर पावसाच्या मागे मेंढरं घेऊन दरवर्षी शेकडो मैल फिरतो, आषाढीला गावंच्या गावं पंढरपूरची वाट धरतात, आणि आठवडी बाजाराला पाच-दहा कोसांवरून माणसं येतात. नेटलच्या पावसाच्या गणितात वारी नाही. महाराष्ट्रापुरती ती घालायलाच हवी, कारण इथे लोकांना शतकानुशतकं दरवर्षी एकत्र चालवणारी ताकद भक्तीची होती.

डोंगराच्या आड भाषा जपली जाण्याचं महाराष्ट्रातलं सर्वांत विलक्षण उदाहरण बुलढाणा जिल्ह्यात आहे. जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला, निहाली नावाची भाषा बोलली जाते. तिचं मूळ जगातल्या कुठल्याही भाषाकुळाशी जोडता आलेलं नाही. शेजारच्या कोरकूतून, मराठीतून आणि द्राविडी भाषांतून तिने इतके शब्द घेतले आहेत की तिचं स्वतःचं मूळचं किती, हे अभ्यासकांना चाळून काढावं लागलं. बोलणारे दोन-अडीच हजारांच्या घरात. जनगणनेच्या तक्त्यात दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषा वेगळ्या दाखवत नाहीत, त्यामुळे निहाली तिथे दिसतही नाही.

पण सह्याद्री केवळ भिंत नव्हता. जुन्नर आणि कल्याण यांना जोडणाऱ्या नाणेघाटात सातवाहनांचा मोठा प्राकृत शिलालेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीही तिथून मालाचे तांडे खाली उतरत होते. थळघाटातून नाशिककडचा रस्ता उतरतो तो भिवंडीच्या अंगाने पुढे मुंबईकडे जातो; मुंबईकर त्याला अजून आग्रा रोड म्हणतात. डोंगरावरून उतरणारी वाट आणि समुद्रातून आत येणारी खाडी इथे जवळ येतात, म्हणून भिवंडी आहे.

समुद्राने काय आणलं ते आधी पाहू. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली आणि याच खाडीत मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात झाली. आरमार हा शब्दच पोर्तुगीज ‘आर्माडा’वरून आला. गुराब हे जहाज मूळ अरबी नावाचं. नाखवा फारसी नाखुदापासून. इथल्या पाण्यावर अरब, इराणी, गुजराती आणि पोर्तुगीज एकमेकांना भेटत होते, त्यांच्या तोंडून हे शब्द मराठी झाले. पुढे याच राजाने दरबारातले फारसी शब्द काढून त्यांच्या जागी संस्कृत शब्द देणारा राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला. ते राज्यकर्त्याच्या दूरदृष्टीचं काम होतं. मात्र नाखवा नाखवाच राहिला, कारण डेकवरची भाषा कोश ठरवत नाही, तिथे शेजारी उभा असलेला खलाशी ठरवतो. बटाटा, पाव, चावी, साबण, घमेलं, बादली, पगार हे सगळे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द घराघरात रुळले, तेही असेच.

भिवंडीतला कोकणी मुसलमान समाज याच समुद्राचं देणं आहे. अरब व्यापारी आणि स्थानिक लोक यांच्या शतकानुशतकांच्या संबंधांतून तो घडला. या समाजात शिक्षण उर्दूत, पण जुन्या घरांतली बोली कोकणी, मराठीच्या सख्ख्या नात्यातली. १९०५ च्या पाहणीत बाणकोटी म्हणून नोंदलेली बोली मुख्यतः कोकणातल्या मुसलमानांचीच होती. धर्मावरून भाषा ओळखणाऱ्यांनी भिवंडीच्या जुन्या वस्तीत जरूर कान द्यावा.

मग माग आले. १८५७ च्या उठावानंतर आझमगढ, मऊ, अलाहाबाद या भागांतली विणकर मोमीन कुटुंबं दक्षिणेकडे निघाली आणि भिवंडी, मालेगाव इथे स्थिरावली. त्यांनी हातमाग आणला आणि त्यासोबत उर्दू आणली, जिच्यात अवधी-भोजपुरीचा लहेजा होता. तेलंगणच्या करीमनगर, नलगोंडा, वरंगल भागांतले पद्मशाली विणकरही काम शोधत सोलापूर, मुंबई, भिवंडी असे पसरले. १९३० च्या दशकात भिवंडीत यंत्रमाग सुरू झाले. १९८२ साली मुंबईच्या गिरणी कामगारांचा दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालचा संप झाला. गिरण्या बंद पडल्या आणि कापड विणण्याचं काम मोठ्या प्रमाणावर यंत्रमागांकडे वळलं. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, तेलंगण इथून माणसं येत राहिली. मिठागरांच्या प्रदेशात देशातलं यंत्रमागाचं एक सर्वांत मोठं केंद्र उभं राहिलं.

मागाच्या खात्यात काय ऐकू येतं? पहिली काही मिनिटं तर काहीच नाही. धोट्याच्या ठोक्यांचा आवाज इतका असतो की शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं, नाहीतर हाताने खूण करावी लागते. इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या सूतगिरण्यांत याच गोंगाटातून एक रीत जन्मली होती, तिला ‘मी-मॉइंग’ म्हणत. ओठांच्या मोठ्या, ठळक हालचाली करून बायका मागांच्या पलीकडे एकमेकींशी गप्पा मारत. कॅनरी बेटांपैकी ला गोमेरा इथल्या मेंढपाळांनी खोल दऱ्यांच्या पार निरोप पोचवायला शिट्टीची भाषा घडवली. युनेस्कोने २००९ मध्ये तिला मानवी वारशाचा दर्जा दिला. दरी असो की माग, अडथळा आला म्हणून माणूस बोलायचं थांबला नाही.

कामाचे शब्द मात्र सगळ्यांचे एक झाले. ताना, बाना, बीम, कांडी, जॉबर, सायझिंग, वार्पिंग, ताका, पाळी, पगार. यात संस्कृतातून आलेले शब्द आहेत, इंग्रजी आहेत, मराठी आहेत, पोर्तुगीज आहेत. बलियाहून आलेला मुलगा आणि नलगोंड्याहून आलेला म्हातारा यांना एकमेकांची घरची भाषा कळत नाही, पण ‘बीम संपला’ एवढं कळतं. दिवस संपला की वाटा पुन्हा वेगळ्या होतात. एकटे राहणारे कामगार महिन्याचे पैसे देऊन जिथे जेवतात, त्या जागेला भिवंडीत भिसी म्हणतात. तिथे आपापल्या मुलखाचं जेवण मिळतं आणि आपापल्या मुलखाच्या गप्पा होतात. भिवंडीच्या पद्मानगरात घराघरांत तेलुगू बोलली जाते. भाद्रपदातल्या सर्वपित्री अमावास्येपासून तिथल्या बायका फुलं रचून बतुकम्मा मांडतात. त्यातलं तंगेडूचं फूल म्हणजे आपला तरवड, गुनुगू म्हणजे कुर्डू. तीच फुलं इथल्या माळावरही उगवतात, पण ती रचताना गायली जाणारी गाणी तेलंगणातून आलेली आहेत.

कामावर एक, चुलीपाशी वेगळे, ही घडी भाषेचं काय करते? या प्रश्नाचं सर्वांत गाजलेलं उत्तर महाराष्ट्रातल्याच एका गावातून मिळालं. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचा जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी अभ्यास केला आणि १९७१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गावात कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू बोलणारे समाज पिढ्यान् पिढ्या शेजारी राहत होते. प्रत्येक समाज घरात आपलीच भाषा बोलत होता, कारण घर आणि सोयरिक जातीपुरती होती. बाहेर मात्र रोज एकमेकांशी बोलावं लागे, आणि त्यासाठी बहुतेकदा मराठी कामी येई. शतकानुशतकं असं चालल्यावर जे झालं त्याने जगभरचे भाषाशास्त्रज्ञ थक्क झाले. शब्द चारही भाषांचे वेगवेगळे राहिले, पण वाक्याची रचना आणि व्याकरण इतकं जवळ आलं की एका भाषेतल्या वाक्याचे शब्द तेवढे बदलले की दुसऱ्या भाषेतलं वाक्य तयार व्हावं.

कुपवाडच्या उर्दूत ‘नदी आया’ असं म्हणतात. लखनौच्या माणसाला ते खटकेल. पण कन्नडात माणूस नसलेल्या सगळ्या गोष्टी नपुंसकलिंगी असतात, आणि तीच विचारपद्धती उर्दूने उचलली. दुसरं उदाहरण मराठी वाचकाला अधिक जवळचं आहे. ‘आपण जाऊ’ म्हटलं की ऐकणारा त्यात आला. ‘आम्ही जाऊ’ म्हटलं की तो वगळला गेला. हिंदी-उर्दूच्या एकट्या ‘हम’ला हा भेद करता येत नाही. कुपवाडच्या उर्दूने मात्र तो शिकून घेतला. मराठीतही तो द्राविडी शेजाराचा परिणाम असावा, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी तर मराठीच्या जडणघडणीतच द्राविडी भाषकांचा मोठा वाटा आहे, असं मांडलं. उलट दिशेने पाहावं तर दख्खनी उर्दूतलं ‘नक्को’ हे मराठीचं ‘नको’ आहे, आणि मुंबई-ठाण्याच्या हिंदीतल्या ‘ऐसाइच’मध्ये मराठीचा ‘च’ बसला आहे.

शब्दांकडे सगळ्यांचं लक्ष असतं. उर्दूत मराठी शब्द आला की भुवया उंचावतात, मराठीत इंग्रजी आला की सभा भरतात. वाक्याच्या ठेवणीकडे कुणी पाहत नाही, म्हणून ती गुपचूप शेजाऱ्याची होते. भिवंडीत कुपवाडइतका काळ अजून गेलेला नाही आणि इथली माणसंही तितकी स्थिर नाहीत. बरीचशी दिवाळी, ईद किंवा भात कापणीला गावी जातात आणि परततात. तरी भिवंडीतली उर्दू, तेलुगू आणि आगरी यांच्यावर एकमेकींचा काय परिणाम झाला, हे कुणी बारकाईने तपासलं तर ते काम जगभर वाचलं जाईल.

त्यातली आगरी मात्र फार दिवस वाट पाहणार नाही.

गेल्या काही दशकांत भिवंडीच्या भोवती गोदामं उभी राहिली. मुंबई-नाशिक रस्ता, न्हावाशेव्याचं बंदर, मुंबईचा बाजार, सगळं हाताशी असल्याने देशभर घरपोच जाणाऱ्या वस्तूंचा मोठा हिस्सा इथल्या शेडमधून निघतो. ज्या जमिनीवर भात होत होता तिच्यावर मुरुमाचा भराव पडला. अनेक आगरी कुटुंबांना पैसा आला, शिक्षण आलं, पक्की घरं आली, आणि त्याबद्दल कुणी हळहळ करू नये. शेतीत पाठ मोडून काम करणाऱ्या बाईला तिची सून गोदामात हिशेब लिहिते याचा अभिमान वाटतो, आणि तो वाटायलाच हवा. पण भराव पडला की उघाडी राहत नाही, आणि उघाडी राहिली नाही की ती उघडा-बंद करण्याचे, तिची डागडुजी करण्याचे शब्द कुणाला लागत नाहीत. कातकरी समाजाचं नुकसान याहून जुनं आणि जास्त आहे. खैराच्या झाडापासून कात काढणं हे ज्यांच्या नावातच आहे, त्या लोकांच्या हातून जंगल गेलं. आता बहुतेक कुटुंबं वीटभट्टीवर आणि बांधकामावर जातात, आणि मुलांशी मराठीत बोलतात.

शाळा यात मदत करू शकते, पण आज ती बहुतेकदा उलट करते. महापालिकेच्या शाळांत मराठी, उर्दू, तेलुगू अशी माध्यमं आहेत आणि ही या शहराची मोठी गोष्ट आहे. आगरी, कातकरी, वारली यांना मात्र वर्गात जागा नाही. मुलाची घरची बोली चूक म्हणून खोडली जाते. प्रमाण मराठी त्याला यायलाच हवी; पण ‘तुझ्या घरी गारी म्हणतात, पुस्तकात गाडी लिहितात’ एवढं सांगायला कुठलाही अभ्यासक्रम बदलावा लागत नाही.

आशेला जागा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसोबत मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं, गावोगाव जाऊन लोकांची बोलणी ध्वनिमुद्रित केली. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला आणि तो मराठीत आहे. आगरी साहित्य संमेलनं होतात. आगरी-कोळी गाणी मोबाइलवर लाखो लोक ऐकतात, आणि त्यांत ‘गारी’ आणि ‘कोंबरी’ ऐटीत नांदतात.

गाण्यांतली सर्वांत जुनी परंपरा धवल्यांची. आगरी लग्नात हळदीपासून पुढचे विधी धवलारीण गाऊन पार पाडते. वारल्यांमध्ये हेच काम धवलेरी करते. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या महदाइसेने रचलेले रुक्मिणी-स्वयंवराचे धवळे मराठीतल्या पहिल्या स्त्रीकाव्यांपैकी मानले जातात. तोच गाण्याचा प्रकार भिवंडी-पनवेलच्या मांडवात आजही चालतो, तोंडी, कुठल्याही वहीशिवाय. धवलारणींचं वय झालं आहे आणि शिकायला येणाऱ्या मुली थोड्या आहेत.

भिवंडीतच महाविद्यालयं आहेत, मराठीचे विभाग आहेत, आणि आगरी पाड्यांतून येणारे विद्यार्थी आहेत. धवले नोंदवायला बसलं की त्याच बाईकडून बाकीचंही विचारून घेता येईल: तिच्या सासरच्या खाजणाला काय नाव होतं, बांधाच्या कुठल्या भागाला काय म्हणत, भांगाच्या दिवसांत कोणती मासळी मिळे, राब कधी जाळत. तिला हे सगळं ठाऊक आहे, आणि कुणी विचारलं तर ती सांगेल. एका उन्हाळी सुट्टीत चार गावांपासून सुरुवात करता येण्याजोगं हे काम आहे, आणि त्यासाठी आवाज टिपणारा फोन प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आधीच आहे.